दुर्बल गुरुत्वीय भिंगाचं मोजमाप: सांगलीत बसून एमएस्सीचा प्रकल्प करायचा तर

सांगलीत एमएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "दुर्बल गुरुत्वीय भिंगावरून विश्वातल्या द्रव्याची रचना मोजतात असं वाचलं. कॉलेजकडे आठ इंची दुर्बीण आहे, माझ्याकडे १६ जीबी रॅमचा लॅपटॉप. सहा महिन्यांत यातलं खरोखर काय करता येईल? आणि इतका बारीक परिणाम खरंच मोजला गेलाय, यावर विश्वास कशावरून ठेवायचा?"

हे काम लॅपटॉपचं आहे, दुर्बिणीचं नाही. ज्या दीर्घिकांचे आकार मोजायचे त्या २२ ते २४ प्रतीच्या असतात, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधूक ताऱ्यापेक्षा किमान २५ लाख पटींनी मंद. त्यांचा आकार विकलेच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) निम्म्याच्या आसपास. सपाटीवरच्या गावातून पाहिलं तर हवेच्या थरथरीने साधा तारासुद्धा दोनेक विकलांचा ठिपका होतो. त्यामुळे आठ इंची दुर्बिणीतून यातलं काहीच हाती लागणार नाही. (तिचा एक चांगला उपयोग आहे, तो पुढे सांगतो.) मात्र चिलीतल्या आणि हवाईतल्या मोठ्या दुर्बिणींनी मोजलेले कोट्यवधी दीर्घिकांचे आकार आज सर्वांसाठी खुले आहेत. ते उतरवून घेऊन दीर्घिकांच्या समूहांचं वस्तुमान मोजणं सहा महिन्यांत नक्की जमतं. विश्वाचे स्थिरांक स्वतः काढण्याचा हट्ट मात्र धरू नका. त्याला मोठा गट आणि काही वर्षं लागतात.

आधी परिणाम किती मोठा आहे ते बघू. द्रव्याच्या गुरुत्वाने प्रकाश वळतो, त्यालाच गुरुत्वीय भिंग म्हणतात. सूर्याच्या कडेवरून येणारा प्रकाशकिरण १.७५ विकला वळतो. १९१९ च्या खग्रास ग्रहणात हे तपासलं गेलं. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाशही वाटेतल्या द्रव्याने असाच वळतो, पण किती वळला हे थेट कळत नाही, कारण ती दीर्घिका मुळात कुठे दिसली असती हे आपल्याला माहीत नसतं. कळतो तो फरक. दीर्घिकेच्या एका कडेचा प्रकाश दुसऱ्या कडेच्या प्रकाशापेक्षा किंचित जास्त वळतो आणि तिची प्रतिमा एका दिशेने जराशी ओढली जाते. या ओढीला शिअर म्हणतात. मोठ्या समूहाच्या आसपास ती एक ते दहा टक्के असते, मोकळ्या आकाशात टक्क्याच्या घरात किंवा त्याहून कमी.

अडचण अशी की दीर्घिका मुळातच गोल नसतात. वाळवा तालुक्यातला उसाचा फड डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक ऊस आपापल्या परीने कुठेतरी झुकलेला असतो. एका उसाकडे बघून वारा कुठून वाहतोय ते सांगता येत नाही, पण हजार उसांच्या झुकावाची सरासरी काढली की त्यांचा आपापला झुकाव एकमेकांत जिरतो आणि वाऱ्याची दिशा उरते. दीर्घिकेच्या लांबटपणाचा प्रत्येक घटक सरासरीभोवती सुमारे ०.२७ ने पसरलेला असतो आणि शोधायची ओढ असते ०.०१. तेव्हा ०.२७ भागिले ०.०१, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे सव्वासातशे दीर्घिका लागतात, आणि तरीही संकेत गोंगाटाच्या जेमतेम बरोबरीला येतो. दहापट स्पष्ट संकेत हवा असेल तर शंभरपट दीर्घिका हव्यात. या क्षेत्रातल्या प्रत्येक सर्वेक्षणाचा आराखडा या एका गुणाकारावर उभा आहे.

समूहांभोवतीची ही ओढ टायसन, वाल्डेस आणि वेंक यांनी १९९० मध्ये आबेल १६८९ सारख्या समूहांवर दाखवली. मोकळ्या आकाशातली, कोणत्याही ठरावीक समूहाशी न जोडलेली ओढ २००० साली चार गटांनी स्वतंत्रपणे मोजली. तिला कॉस्मिक शिअर म्हणतात.

आता विश्वासाचा प्रश्न, कारण खरी मेहनत तिथेच आहे. दीर्घिकेचा आकार आपल्याला सरळ मिळत नाही. वातावरण, आरसे आणि कॅमेरा मिळून प्रत्येक बिंदूचा एक ठिपका करतात. त्याला पीएसएफ म्हणतात. तो ठिपका दीर्घिकेला गोलसर करून ओढ झाकतो. शिवाय तो स्वतः गोल नसला तर आकाशाच्या त्या भागातल्या सगळ्या दीर्घिकांना एकाच दिशेची खोटी ओढ देतो. पीएसएफचा लांबटपणा दोन-चार टक्के असणं नेहमीचं, म्हणजे आपण शोधतोय त्या संकेतापेक्षा मोठा. हवाईतल्या ८.२ मीटरच्या सुबारू दुर्बिणीवर हायपर सुप्रीम-कॅम सर्वेक्षणात हा ठिपका साधारण ०.६ विकलांचा असतो. चिलीत पारानालच्या २.६ मीटरच्या व्हीएसटी दुर्बिणीवर, किड्स सर्वेक्षणात, ०.७ च्या आसपास. जागा इतक्या चांगल्या असूनही दुरुस्ती केल्याशिवाय एकही आकडा वापरता येत नाही.

दुरुस्ती ताऱ्यांवरून होते, कारण तारा म्हणजे निव्वळ बिंदू. त्याचा जो ठिपका उमटतो तोच पीएसएफ. प्रतिमेतल्या सगळ्या वस्तूंचा आकार विरुद्ध तेजस्विता असा आलेख काढला की तारे एका आडव्या पट्ट्यात येतात, कारण मंद असो वा तेजस्वी, ताऱ्याचा ठिपका तेवढाच राहतो. दीर्घिका त्या पट्ट्याच्या वर विखुरतात. पट्ट्यातले तारे निवडायचे, त्यांचे आकार मोजायचे, कॅमेऱ्याच्या प्रत्येक सीसीडी चिपवर बहुपदी बसवून दीर्घिकेच्या जागचा पीएसएफ काढायचा. पंचमांश तारे या बसवणीत घ्यायचे नाहीत, ते परीक्षेसाठी राखून ठेवायचे. बसवलेला नमुना या राखीव ताऱ्यांवर चुकला तर तो दीर्घिकांवरही चुकणारच.

इथे एक चूक सहज होते. सगळ्यात तेजस्वी तारे घ्यावेसे वाटतात, कारण त्यांच्यात गोंगाट कमी. पण सीसीडीच्या पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठत गेले की ते नंतर येणाऱ्या इलेक्ट्रॉनना शेजारच्या पिक्सेलमध्ये ढकलतात, आणि तेजस्वी तारा थोडा जाडा दिसतो. फरक टक्क्याच्या आसपासचा, पण तो जाडा ठिपका मंद दीर्घिकेच्या दुरुस्तीला वापरला की दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते आणि शिअर फुगून येतो. म्हणून सर्वांत तेजस्वी तारे वगळतात आणि सीसीडीची ही सवय आधी दुरुस्त करून घेतात.

दुसरी अडचण गोंगाटाची आहे आणि ती फसवी आहे. लांबटपणा म्हणजे पिक्सेलांतून काढलेल्या दोन राशींचा भागाकार. गोंगाट वर-खाली सारखाच असला तरी भागाकारातून तो सारखा बाहेर पडत नाही, एका बाजूला कलतो. संकेत गोंगाटाच्या दहापट असलेल्या दीर्घिकेतही ही चूक काही टक्क्यांची होऊ शकते. दीर्घिका वाढवून ती जात नाही, कारण सगळ्या एकाच दिशेने चुकतात. हे तपासण्याचे दोन मार्ग आहेत. एकात कृत्रिम आकाश तयार करतात, त्यात माहीत असलेला शिअर घालतात आणि तो परत मिळतो का बघतात. गॅलसिम नावाचं खुलं पायथन पॅकेज याच कामासाठी आहे. दुसरा मार्ग मेटाकॅलिब्रेशनचा. दीर्घिकेच्या खऱ्याच प्रतिमेतून पीएसएफ काढायचा, तिला मुद्दाम +०.०१ आणि −०.०१ इतकी ओढ द्यायची, किंचित मोठा पीएसएफ परत लावायचा आणि आकार पुन्हा मोजायचा. दोन मोजमापांतला फरक भागिले ०.०२, म्हणजे मोजमापाचा प्रतिसाद. खरा शिअर हवा तर मोजलेली सरासरी या प्रतिसादाने भागायची. मला हा मार्ग अतिशय सुंदर वाटतो, कारण दीर्घिका कशा असाव्यात याबद्दल तो जवळजवळ काहीच गृहीत धरत नाही.

तरीही एक गोष्ट उरते, एकमेकांवर आलेल्या दीर्घिकांची. आकाशात जितकं खोल पाहावं तितक्या त्या एकमेकींना झाकतात. सुबारूच्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक वस्तूंचा प्रकाश शेजाऱ्याच्या प्रकाशात मिसळलेला आहे. डार्क एनर्जी सर्व्हे या आणखी एका मोठ्या सर्वेक्षणाने तिसऱ्या वर्षाच्या निकालात दोन-तीन टक्क्यांची दुरुस्ती केली, ती मुख्यतः या सरमिसळीपोटी.

आकारांनंतर अंतरं. शिअर किती होणार हे भिंगाचं अंतर, मागच्या दीर्घिकेचं अंतर आणि दोघांमधलं अंतर यांवर ठरतं. कोट्यवधी दीर्घिकांचे वर्णपट घेणं शक्य नाही, म्हणून चार ते नऊ फिल्टरांतल्या रंगांवरून ताम्रसृतीचा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश लाल बाजूला किती सरकला याचा, अंदाज बांधतात; ती जितकी जास्त तितकी दीर्घिका दूर. दीर्घिकेच्या वर्णपटात ४००० आंग्स्ट्रॉमपाशी एक पायरी असते. ती कोणत्या फिल्टरमध्ये सरकली यावरून ताम्रसृती कळते. गोंधळ कुठे होतो, तर ताम्रसृती ०.२ असलेल्या दीर्घिकेची ही पायरी ४८०० आंग्स्ट्रॉमला येते, आणि ताम्रसृती ३ असलेल्या दीर्घिकेची १२१६ आंग्स्ट्रॉमची लायमन पायरीही जवळपास तिथेच. रंग सारखे, अंतरात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. किड्सने दृश्य प्रकाशातल्या चार फिल्टरांना अवरक्तातल्या पाचांची जोड दिली ती याच कारणासाठी. एका गटाची सरासरी ताम्रसृती टक्काभर चुकली तर शेवटच्या निकालातली चूकही त्याच घरात जाते.

तुमच्या प्रकल्पासाठी माझी शिफारस किड्स-१००० च्या शिअर यादीची. १००६ चौरस अंश, मुखवटे (म्हणजे खराब म्हणून झाकलेले भाग) वगळता सुमारे ७७७. सुमारे २ कोटी १० लाख दीर्घिका, दर चौरस कलेला (कला म्हणजे ६० विकला) साधारण सहा. फाइल दहा जीबीच्या पुढची आहे आणि ती आख्खी रॅममध्ये ओढली तर लॅपटॉप अडकेल. ॲस्ट्रोपाय या पायथन पॅकेजने तुकड्यातुकड्याने वाचा आणि सहाच स्तंभ ठेवा: विषुवांश, क्रांती, लांबटपणाचे दोन घटक ई१ आणि ई२, वजन आणि झेड-बी, म्हणजे रंगांवरून आलेली ताम्रसृती. बाकीचं फेकलं की काम एखाद्या जीबीत बसतं.

भिंग म्हणून स्लोन सर्वेक्षणातून काढलेली रेडमॅपर समूहांची यादी घ्या. किड्सचा उत्तरेकडचा पट्टा खगोलीय विषुववृत्तालगत स्लोनच्या भागात येतो. ताम्रसृती ०.१ ते ०.३३ आणि समृद्धी, म्हणजे समूहातल्या लाल दीर्घिकांची मोजणी, २० च्या वर, एवढी चाळणी लावली की त्या पट्ट्यात काही शे समूह हाती येतात.

संकेत मिळेल का, हे सुरू करण्याआधी कागदावर काढून बघा. समूह ०.२ ताम्रसृतीवर, वस्तुमान २ लाख अब्ज सूर्य. मागच्या दीर्घिका ०.७ च्या आसपास. घनतेचं शिअरमध्ये रूपांतर करायला जिने भागायचं ती क्रांतिक पृष्ठघनता या अंतरांसाठी येते दर चौरस पार्सेकला सुमारे ३,६०० सूर्य. समूहाच्या केंद्रापासून एक मेगापार्सेकवर (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांवर), आतली सरासरी घनता वजा तिथली घनता, हा फरक सुमारे ४० सूर्य. म्हणजे शिअर १.१ टक्का. आता ०.८ ते १.२ मेगापार्सेकचं कडं घ्या. त्या अंतरावर एक मेगापार्सेक म्हणजे पाच कला, तेव्हा कड्याचं क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस कला. दर चौरस कलेला मागच्या चार दीर्घिका धरल्या तर अडीचशे. ०.२७ भागिले २५६ चं वर्गमूळ, गोंगाट १.७ टक्के. एका समूहाभोवती संकेत गोंगाटाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे काहीच दिसणार नाही. ३०० समूह एकावर एक रचले की अकरापट. हे गणित हाताने केलेलं असलं की नंतर आलेख बघून घाबरायला होत नाही, किंवा नको तितका आनंदही होत नाही.

प्रत्येक समूहासाठी मागच्या दीर्घिका निवडताना झेड-बी समूहाच्या ताम्रसृतीपेक्षा किमान ०.२ ने जास्त ठेवा. नाही तर समूहाच्याच दीर्घिका मागच्या म्हणून शिरतात. त्यांच्यावर ओढ नसते, त्या फक्त सरासरी खाली आणतात, आणि केंद्राजवळ जास्त कारण तिथे त्यांची गर्दी. किती शिरल्या हे मोजता येतं: समूहांभोवती मागच्या दीर्घिकांची घनता आणि यादृच्छिक बिंदूंभोवतीची घनता यांची तुलना करा. केंद्राकडे ती वाढत असेल तर भेसळ आहे.

मग प्रत्येक दीर्घिकेचा स्पर्शीय घटक काढायचा: वजा (ई१ गुणिले कॉस २फाय अधिक ई२ गुणिले साइन २फाय), फाय म्हणजे समूहाच्या केंद्रापासूनचा कोन. इथे बहुतेक जण अडकतात, म्हणून नीट वाचा. आकाशाच्या नकाशात विषुवांश डावीकडे वाढतो, आलेखाचा क्ष-अक्ष उजवीकडे. ई२ चं चिन्ह कोणत्या संकेतानुसार दिलंय हे यादीगणिक बदलतं. ते उलटं घेतलं तर संकेत अर्धा होत नाही, पार नाहीसा होतो, कारण सरासरी कॉस ४फायची होऊन बसते आणि ती पूर्ण वर्तुळावर शून्य असते. आलेख सपाट आला तर सर्वांत आधी ई२ चं चिन्ह उलटून बघा. विषुवांशांतला फरक क्रांतीच्या कोसाइनने गुणायलाही विसरू नका. विषुववृत्ताजवळ ही चूक दिसत नाही. तोच प्रोग्राम दक्षिणेच्या पट्ट्यावर लावला की कोन वेडेवाकडे होतात.

लांबटपणाची व्याख्याही तपासा. किड्समध्ये तो (अ − ब) भागिले (अ + ब) असा आहे, अ आणि ब लंबवर्तुळाचे अक्ष. सुबारूच्या यादीत अक्षांचे वर्ग घेतात, आणि लहान लांबटपणासाठी तो आकडा जवळपास दुप्पट येतो. एकीचं सूत्र दुसरीला लावलं की समूहाचं वस्तुमान दुपटीच्या घरात चुकतं, आणि आलेखाचा आकार अगदी बरोबर असल्यामुळे शंकाही येत नाही.

सरासरी घेण्याआधी प्रत्येक ताम्रसृती-गटातली (किड्सने दीर्घिकांचे असे पाच गट पाडलेत) ई१ आणि ई२ ची वजनदार सरासरी वजा करा. ती शून्य नसेल तर पीएसएफ किंवा सीसीडीची कुठलीतरी खूण उरलेली आहे. शेवटी एक अधिक एम ने भागा. एम म्हणजे त्या गटाचा गुणक दोष, शिअर खऱ्यापेक्षा किती प्रमाणात कमी-जास्त मोजला जातो तो. किड्स-१००० मध्ये पाचही गटांचा एम एक-दीड टक्क्याच्या आत आहे. हा भागाकार दीर्घिकेगणिक करायचा नसतो, गटाच्या सरासरीवर करायचा असतो. क्रांतिक घनता काढताना झेड-बी हाच खरा आकडा धरू नका. झेड-बी फक्त गट ठरवण्यापुरता, अंतरासाठी त्या गटाचं तपासून दिलेलं ताम्रसृतीचं वितरण वापरा.

समूह आणि मागच्या दीर्घिका यांच्या जोड्या मोजायला ट्रीकॉर हे पॅकेज वापरा. दोन कोटी दीर्घिकांचं काम ते साध्या लॅपटॉपवर सहज उरकतं. मात्र आधी पाच-दहा समूहांवर स्वतःचा साधा प्रोग्राम चालवून त्याचं उत्तर ट्रीकॉरच्या उत्तराशी जुळवा. जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. वरच्या चिन्हाच्या आणि कोसाइनच्या चुका बहुतेक याच पायरीवर सापडतात.

त्रुटीच्या रेषांसाठी पट्ट्याचे शंभरेक तुकडे करा, दर खेपेला एक वगळून संपूर्ण मोजणी पुन्हा करा आणि त्या शंभर उत्तरांच्या पसाऱ्यातून सहप्रसरण सारणी बांधा. तुकडा तुमच्या सर्वांत मोठ्या त्रिज्येपेक्षा मोठा हवा. पाच मेगापार्सेक म्हणजे इथे पंचवीसेक कला, आणि चार-पाच चौरस अंशांचा तुकडा त्याला पुरतो. नुसती दर बिंदूची त्रुटी देऊ नका. मोठ्या त्रिज्यांवर एकच दीर्घिका दोन-तीन समूहांमागे येते, शेजारचे बिंदू एकत्र वर-खाली होतात.

आता, संकेताकडे बघण्याआधी जिथे शून्य यायला हवं तिथे शून्य येतं का ते बघा. तुमच्या प्रश्नातल्या "विश्वास कशावरून"चं उत्तर इथे आहे. गुरुत्वाची ओढ समूहाभोवती गोलाकार, स्पर्शरेषेच्या दिशेने असते. त्याच आकारांचा ४५ अंशांनी फिरवलेला घटक द्रव्याच्या गोळ्यामुळे तयारच होऊ शकत नाही. म्हणून तिरपा घटक प्रत्येक त्रिज्येला शून्य यायला हवा, आणि तो पीएसएफच्या उरलेल्या चुकीने सहज बिघडतो. दुसरी तपासणी यादृच्छिक बिंदूंची. समूहांच्या वीसपट बिंदू त्याच आकाशात टाका आणि तोच प्रोग्राम चालवा. तिथे संकेत आला तर तो सर्वेक्षणाच्या कडांचा किंवा मुखवट्यांचा आहे, आणि तो मुख्य उत्तरातून वजा करायचा.

तिसरी तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. मागच्या दीर्घिकांचे ताम्रसृतीनुसार गट पाडा. ०.२ वरच्या भिंगासाठी शिअर ज्या गुणोत्तराने वाढतो (भिंग ते दीर्घिका अंतर भागिले आपण ते दीर्घिका अंतर) ते ०.४ ला ०.४७, ०.६ ला ०.६३, ०.८ ला ०.७० आणि १ ला ०.७५. प्रत्येक गटाला त्याच्या क्रांतिक घनतेने गुणलं की समूहाची घनता सगळ्यांतून एकच यायला हवी, कारण समूह एकच आहे. एखादा गट वेगळं सांगत असेल तर त्याची अंतरं चुकलेली आहेत. हे भूमितीचं काम आहे, समूहाच्या वस्तुमानाबद्दल काही माहीत नसतानाही करता येतं.

आणि डोळे झाकून काम करा. मोठ्या सर्वेक्षणांत शिअरच्या तीन यादी बनवतात, एक खरी आणि दोन किंचित बदललेल्या, आणि विश्लेषण पक्कं होईपर्यंत खरी कोणती हे कुणाला कळत नाही. तुम्ही मैत्रिणीला सगळे शिअर ०.८ ते १.२ मधल्या एका गुप्त आकड्याने गुणून द्यायला सांगा आणि तो चिठ्ठीत बंद ठेवा. अपेक्षित उत्तर येताच चुका शोधणं थांबवायची सवय प्रत्येकालाच असते.

सगळ्या तपासण्या पार पडल्यावर नवारो-फ्रेंक-व्हाइट घनतालेख, म्हणजे केंद्रापासून बाहेर द्रव्य कसं विरळ होतं ते सांगणारं सूत्र, बसवा. कोलोसस या पॅकेजात तो तयार आहे. केंद्रापासून ०.३ मेगापार्सेकच्या आतले बिंदू सोडून द्या. रेडमॅपर ज्या दीर्घिकेला केंद्र म्हणतं ती काही समूहांत, ढोबळमानाने चार-पाचांत एखाद्यात, खऱ्या केंद्रावर नसते. त्यामुळे आतला लेख बसका होतो आणि समूह कमी एकवटलेला भासतो.

मोकळ्या आकाशातल्या शिअरबद्दल थोडं, म्हणजे तुमचा प्रकल्प कुठे बसतो ते कळेल. तिथे भिंग माहीत नसतं, म्हणून दीर्घिकांच्या जोड्या घेतात आणि ठरावीक कोनीय अंतरावर त्यांचे आकार किती जुळतात ते मोजतात. दहा कलांवर हा जुळाव एक लाखांशाच्या घरात असतो. गोंगाटाला पुरून उरायला पाच ते दहा कोटी जोड्या लागतात, तेही एका बिंदूसाठी. त्यातून मुख्यतः एस-८ हा आकडा निघतो. एस-८ म्हणजे सिग्मा-८, म्हणजे आजच्या विश्वात सुमारे ३.७ कोटी प्रकाशवर्षं त्रिज्येच्या गोलांतलं द्रव्य सरासरीपेक्षा किती कमी-जास्त असतं ते, गुणिले द्रव्याच्या प्रमाणाला ०.३ ने भागून काढलेलं वर्गमूळ.

या आकड्यावर काही वर्षं मोठी खळबळ होती. प्लँक उपग्रहाने विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून २०१८ च्या निकालात तो ०.८३ सांगितला. किड्स-१००० आणि डार्क एनर्जी सर्व्हे या दोघांचा नुसत्या शिअरवरून ०.७६, आणि सुबारूचा २०२३ चा ०.७८ च्या जवळ. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतले सुहृद मोरे सुबारूच्या या विश्लेषणातल्या प्रमुखांपैकी आहेत. दीर्घिकांभोवतीच्या शिअरचं मोजमाप ज्या शोधनिबंधात आहे त्याचे ते पहिले लेखक. सांगलीहून जाता येईल इतक्या जवळ या विषयातली माणसं आहेत, त्यांची व्याख्यानं चुकवू नका. २०२५ मध्ये किड्सचा शेवटचा निकाल आला: १३४७ चौरस अंश, ताम्रसृती २ पर्यंत, आणि एस-८ ०.८१५, प्लँकशी जुळणारा. फरकात मोठा वाटा अंतरांच्या सुधारलेल्या मोजणीचा आहे. म्हणून वरची तिसरी तपासणी इतकी आग्रहाने सांगितली.

दोन गोष्टी अजून पुरत्या हाताळल्या गेलेल्या नाहीत. पाटाच्या कडेचे ऊस वारा नसतानाही पाटाकडे झुकतात, तशा एकाच समूहाच्या ओढीत वाढलेल्या लाल दीर्घिका वाटेत भिंग नसतानाही एकाच दिशेला लांबट असतात. आणि दीर्घिकांच्या केंद्रातली कृष्णविवरं वायू बाहेर फेकून लहान अंतरांवरची द्रव्याची दाटी दहा-वीस टक्क्यांनी कमी करू शकतात. दोन्हींसाठी प्रतिमानं वापरतात आणि लहान कोनांवरचे बिंदू सोडून देतात. तुमच्या समूहांच्या मोजणीत पहिलीचा त्रास नाही, कारण मागच्या दीर्घिका समूहापासून खूप दूर आहेत.

आता आठ इंची दुर्बीण. फाइल उतरायला लागेल त्या आठवड्यात एखाद्या अमावास्येला ती दंडोबाच्या डोंगरावर न्या. आकाशगंगेच्या पट्ट्यातला ताऱ्यांनी भरलेला भाग निवडा आणि ३० सेकंदांच्या वीसेक प्रतिमा घ्या. निम्म्या नीट मागोवा घेत, निम्म्या माउंटचा अक्ष मुद्दाम किंचित बिघडवून. प्रत्येक ताऱ्याचा लांबटपणा आणि दिशा मोजून प्रतिमेवर छोट्या रेघा काढा. मागोवा चुकला तर सगळ्या रेघा एकाच दिशेला, फोकस किंवा आरशांची जुळणी चुकली तर कडांकडे वर्तुळाकार किंवा किरणांसारख्या, वाऱ्याचा झोत आला तर त्या एकाच प्रतिमेत वेगळ्या. मग निम्म्या ताऱ्यांवर बहुपदी बसवा आणि उरलेल्या निम्म्यांवर तपासा. दुसऱ्या घातापर्यंत किती चूक उरते, चौथ्यापर्यंत किती, आणि सहाव्यापासून कडांवर ती उलट कशी वाढते, ते सारणीत मांडा. प्रकल्पाच्या अहवालात हे पहिलं प्रकरण करा, दुसऱ्यात तिरपा घटक, यादृच्छिक बिंदू आणि अंतर-गुणोत्तर यांचे आलेख, आणि समूहांचा शिअर तिसऱ्यात. मैत्रिणीची चिठ्ठी तिसरं प्रकरण लिहून झाल्यावर उघडा.